निरगाठ की सुरगाठ?

दिवाळीच्या साफसफाईत घरातली सगळ्यांत कठीण जागा कोणती, सांगा पाहू! माळा? नाही. पलंगाखालचा कोपरा? तोही नाही. सगळ्यांत कठीण जागा म्हणजे कॉम्प्युटरच्या टेबलामागची! प्रिंटरची वायर, राऊटरची वायर, स्पीकरची वायर आणि दोन-तीन चार्जर तिथं असे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसलेले असतात, की कोण कुणाचं तेच कळत नाही. झाडू घातला, तर झाडूच अडकतो.

माझ्या बहिणीच्या घरी मात्र हा घोळ नव्हता. भाऊजींनी आदल्या वर्षीच केबल टायचं पाकीट आणून सगळ्या वायरींची एक मोळी बांधून टाकली होती. केबल टाय तुम्ही पाहिला असेलच. प्लॅस्टिकची पांढरी किंवा काळी पट्टी, एका टोकाला चौकोनी डोकं. शेपूट डोक्यातून ओवायचं आणि ओढायचं. 'कर्रर्र' असा आवाज येतो की झालं काम!

यंदा दिवाळीच्या तोंडावर प्रिंटर बिघडला. दुरुस्तीला न्यायचा, तर त्याची वायर त्या मोळीत अडकलेली. आठवीतली माझी भाची कात्री घेऊन टेबलाखाली शिरली. टाय इतका घट्ट, की कात्रीचं पातं आत जाईना. तिनं जोर लावला. टाय तुटला खरा, पण त्याच्याबरोबर शेजारची वायरही अर्धी कापली गेली!

नशीब, आजीनं आधीच बजावलं होतं, "अगं, पहिल्यांदा बटण बंद कर, प्लग काढ, मगच तिथं हात घाल." आपल्याकडे घरातली वीज २३० व्होल्टची असते. चालू वायरीत कात्री घुसली असती, तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो. कापली गेली ती राऊटरची वायर निघाली. दोन दिवस घरात इंटरनेट नाही, एवढ्यावरच निभावलं.

आजीनं ती वायर हातात घेतली आणि म्हणाली, "निरगाठ मारली, की सोडवताना कात्री येणारच. रोज लागणाऱ्या वस्तूला सुरगाठच हवी."

निरगाठ आणि सुरगाठ यांतला फरक ठाऊक आहे ना? सुरगाठीचं एक टोक ओढलं की ती सुळकन सुटते. बुटाच्या नाडीला आपण हीच गाठ मारतो. निरगाठ मात्र ओढाल तितकी आवळत जाते. घाईच्या वेळी लेंग्याच्या नाडीला निरगाठ बसली म्हणजे कशी धांदल उडते, ते आठवा! केबल टाय म्हणजे प्लॅस्टिकची निरगाठच.

पण ही निरगाठ एका चांगल्या कारणासाठी जन्माला आली, बरं का! १९५६ साली अमेरिकेतले मॉरस लोगान नावाचे तंत्रज्ञ विमानांचा कारखाना पाहायला गेले होते. विमानात हजारो फूट वायर असते. तिथले कामगार मेण लावलेल्या दोऱ्यानं वायरींच्या जुड्या बांधत होते. प्रत्येक गाठ बोटाभोवती दोरा गुंडाळून करकचून ओढायची. बोटं कापायची, हाताला घट्टे पडायचे. लोगान यांना ते बघवेना. या कामाला काही सोपी युक्ती सापडते का, याच्या ते मागे लागले आणि १९५८ साली त्यांनी केबल टायच्या पेटंटसाठी अर्ज केला. सुरुवातीच्या टायच्या डोक्यात धातूचा बारीक दात असे. पुढे अख्खा टाय नायलॉनचा होऊ लागला.

आजच्या टायच्या पट्टीवर करवतीसारखे दाते असतात आणि डोक्यात एक छोटी तिरपी जीभ. पट्टी पुढे जाते तेव्हा जीभ दात्यांवरून घसरते. मागे ओढली की जीभ दात्यात रुतून बसते. म्हणून टाय फक्त आवळतो, सैल होत नाही.

विमानात वायरी वर्षानुवर्षं जागच्या जागी राहायला हव्यात. तिथं निरगाठच बरी. मंगळावर २०१२ साली उतरलेल्या 'क्युरिऑसिटी' गाडीच्या वायरी तर अजूनही जुन्या पद्धतीनं, दोऱ्याच्या गाठींनीच बांधलेल्या आहेत. तिथं त्या सोडायला कोण जाणार!

आपल्या घराचं तसं नसतं. आज प्रिंटर हलतो, उद्या नवा चार्जर येतो, परवा टेबलच दुसऱ्या खोलीत जातं. दर वेळी टाय कापायचे, कचऱ्यात टाकायचे आणि नवे लावायचे. नायलॉन काही केळीच्या सालीसारखं मातीत कुजत नाही. १ जुलै २०२२ पासून आपल्या देशात एकदाच वापरून फेकायच्या बऱ्याच प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. प्लॅस्टिकचे चमचे गेले, स्ट्रॉ गेले. त्या यादीत केबल टाय नाही. तेव्हा तो कमी वापरायचा, हे आपलं आपणच ठरवायला हवं.

मग वायरी बांधायच्या कशानं? उघडबंद होणाऱ्या क्लिपांनी! आणि त्यातल्या बऱ्याचशा घरातच सापडतात.

कागदाच्या गठ्ठ्याला लावायची काळी बाइंडर क्लिप घ्या. तिची गोष्ट तर अगदी आपल्या विषयाची आहे. अमेरिकेत लुई बाल्ट्झली यांचे वडील लेखक होते. त्या काळी हस्तलिखिताच्या पानांना भोकं पाडून ती दोऱ्यानं शिवत. मधलं एक पान बदलायचं झालं, तरी सगळी शिवण उसवायची आणि पुन्हा घालायची. वडिलांचे हे हाल पाहून लुई यांनी १९१० साली ही क्लिप तयार केली. दाबली की उघडते, सोडली की घट्ट धरते. म्हणजे निरगाठीला कंटाळूनच ही सुरगाठ जन्मली!

कपडे वाळत घालायचा स्प्रिंगचा चिमटा तर तिच्याहूनही जुना. १८५३ साली अमेरिकेतल्याच डेव्हिड स्मिथ यांनी त्याचं पेटंट घेतलं.

आणि दप्तराला, बुटांना असतो तो 'चर्रर्र' वाजणारा वेल्क्रो? १९४१ साली स्वित्झर्लंडचे जॉर्ज द मेस्त्राल कुत्र्याला घेऊन डोंगरात गेले होते. परत आले, तर त्यांच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना काटेरी फळं चिकटलेली. आपल्याकडे रानात गेल्यावर आघाड्याचं बी चिकटतं ना, तसंच. त्यांनी ते फळ सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर प्रत्येक काट्याच्या टोकाला बारीकसा आकडा! त्यावरून त्यांनी दोन पट्ट्या तयार केल्या, एकीवर आकडे आणि दुसरीवर फासे. ती पट्टी हजारो वेळा लावा आणि काढा.

करून पाहा

कामाला लागण्यापूर्वी घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. सगळी बटणं बंद करा आणि प्लग काढा. मग सुरू करा.

१. टेबलाच्या कडेला बाइंडर क्लिप लावा. तिच्या तारेच्या कडीतून चार्जरचं टोक ओवून घ्या. टोक कडीत अडकून राहतं, सारखं खाली पडत नाही. सुटून खाली पडत असेल, तर लहान क्लिप घ्या.

२. लाकडी चिमट्यांवर स्केचपेननं 'प्रिंटर', 'राऊटर', 'स्पीकर' अशी नावं लिहा आणि ज्याच्या त्याच्या वायरीला प्लगजवळ लावा. आता चुकीचा प्लग ओढला जाणार नाही.

३. फाटलेल्या दप्तराचा वेल्क्रो फेकू नका. त्याच्या दोन्ही पट्ट्या पाठीला पाठ लावून शिवा. झाला वायरीचा पट्टा! हवा तेव्हा उघडा, हवा तेव्हा लावा.

४. यातलं काहीच हाताशी नसेल, तर बुटाची जुनी नाडी घ्या आणि सुरगाठ मारा. खर्च शून्य!

काही गोष्टींची मात्र काळजी घ्या. वायर नेहमी सैल, मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा. चार्जरच्या मानेशी ती करकचून दुमडली, तर आतल्या तांब्याच्या बारीक तारा तुटतात. इस्त्री, हीटर यांच्या वायरी वेटोळं करून वापरू नका. वीज वाहताना वायर थोडी तापतेच. मोकळी असली की ती उष्णता हवेत निघून जाते. घट्ट गुंडाळलेल्या वायरीत ती साठून राहते आणि वरचं प्लॅस्टिक मऊ होऊ लागतं. सोललेली किंवा कापलेली वायर दिसली, तर तिला हात न लावता घरात सांगा.

आणि घरात आधीच लावलेले टाय असतील तर? कात्री घेऊन धावू नका! टायच्या डोक्यात टाचणीचं टोक घालून ती छोटी जीभ अलगद उचला आणि पट्टी मागे ओढा. बहुतेक वेळा टाय अखंड सुटतो आणि पुन्हा वापरता येतो. हेही प्लग काढल्यावरच, बरं का!

माझ्या भाचीनं दिवाळीच्या सुट्टीत त्या टेबलामागचे उरलेले सगळे टाय असेच टाचणीनं सोडवले. एकूण अकरा निघाले. आता तिथं सहा चिमटे, तीन क्लिपा आणि तिच्या दुसरीतल्या दप्तराचा वेल्क्रो आहे. दुरुस्त होऊन आलेला प्रिंटर आजीनं स्वतः जोडला. चिमट्यावरचं नाव वाचून, अर्ध्या मिनिटात!

तुमच्या टेबलामागे काय परिस्थिती आहे? या रविवारी जरा वाकून बघा!