चष्म्याचे दान आणि दृष्टीचा हिशेब

घरात पडून राहिलेले जुने चष्मे गोळा करून गरीब देशांत पाठविण्याचा प्रघात पाश्चात्त्य समाजात अनेक दशके रूढ आहे. हेलन केलर यांनी १९२५ साली लायन्स क्लबच्या अधिवेशनात अंधत्वाविरुद्ध लढण्याचे आवाहन केले. पुढे नेत्रसेवा हे त्या संस्थेचे ब्रीदच झाले आणि चष्म्यांचे संकलन हे त्या सेवेचे एक अंग बनले. हेतू उदात्त आहे, यात शंका नाही. परंतु उदात्त हेतूलाही हिशेब चुकत नाही.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तपासलेल्या जुन्या चष्म्यांपैकी अवघे ७ टक्के वापरण्याजोगे आढळले. असा एक चष्मा गरजूच्या हाती पोचविण्याचा खर्च नव्या, तयार चष्म्याच्या जवळजवळ दुप्पट भरला. कारण उघड आहे. वस्तू फुकट मिळाली, तरी ती निवडणे, धुणे, तिचा नंबर मोजणे आणि वाहून नेणे फुकट होत नाही. शिवाय एकाच्या दोन डोळ्यांचे नंबर दुसऱ्याच्या डोळ्यांशी जुळणे हा निव्वळ योगायोग होय.

टंचाई आहे ती तपासणीची. कोल्हापूर जिल्ह्यापुरते पाहिले, तरी हे ध्यानात येईल. हुपरीत चांदीच्या पैंजणाची कडी जोडणारा कारागीर, कोल्हापुरी चपलेची वेणी गुंफणारी स्त्री, इचलकरंजीच्या मागावर तुटलेला धागा सांधणारा कामगार, या साऱ्यांची मजुरी जवळच्या नजरेवर अवलंबून असते. ही नजर नेमकी चाळिशीनंतर, म्हणजे हात सर्वांत कसबी झालेला असताना, मंदावते. मराठीने तर त्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ हे नाव दिले आहे. आसामातील चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना जवळचे चष्मे मिळाले, त्यांची उत्पादकता इतरांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. इतक्या अल्प भांडवलावर एवढा परतावा देणारी गुंतवणूक विरळाच.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्यात मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियांना अग्रस्थान मिळाले, ते योग्यच होते. पण ज्याला वाट दिसते, मात्र सुईचे नेढे दिसत नाही, तो स्वतःला नेत्ररुग्ण समजत नाही आणि दवाखान्याची पायरी चढत नाही. तेव्हा तपासणीनेच त्याच्या कारखान्यात गेले पाहिजे. सेवाभावी मंडळांनी आणि महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेने जुन्या चष्म्यांच्या पेट्या मांडण्याऐवजी नेत्रतपासनीसासह अशी शिबिरे भरवावीत. दात्यांनी एका नव्या चष्म्याची किंमत द्यावी. नकोशी वस्तू देऊन मन हलके होते. दुसऱ्याची गरज भागतेच असे नाही.