बर्फावरील पाऊलखुणा

बर्फाळ प्रदेशांतील वन्य पशु सहसा दृष्टीस पडत नाहींत. परंतु त्यांचा वृत्तांत बर्फावर लिहिलेला असतो. लडाखमधील हेमिसच्या डोंगरांतून पायीं हिंडणाऱ्या प्रवाशानें ही लिपि कशी वाचावी, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

प्रथम ठशांत नखें उमटलीं आहेत कीं नाहींत, हें पाहावें. हिमबिबट्या हा मांजराच्या जातीचा. तो चालतांना नखें आंत ओढून घेतो. म्हणून त्याचा ठसा वाटोळा, चार बोटांचा व बिननखी असतो. बर्फ खोल असल्यास लांब शेपटीची रेघही कधीं कधीं मागें उमटते. लांडग्याचा ठसा लांबट असून बोटांपुढें नखांच्या खुणा दिसतात. खोकडाचें पाऊल तसेंच, पण लहान. त्याचा मागचा पाय पुढच्याच्या ठशांत पडत असल्यामुळें माग दोरी धरल्याप्रमाणें सरळ जातो. भरल नांवाच्या रानमेंढीचा दुभंगलेला खूर उमटतो. सशाचा माग मात्र नवख्यास फसवितो. उडी घेतांना त्याचे मागचे मोठे पाय पुढच्या पायांच्याही पुढें पडतात; तेव्हां मोठे ठसे ज्या बाजूस, त्याच बाजूस ससा गेला असें समजावें.

कडा रेखीव असल्यास ठसा ताजा जाणावा. उन्हानें कडा वितळल्या म्हणजे लहान पाऊलही मोठें दिसूं लागतें. १९२१ सालीं एव्हरेस्टच्या पाहणीस गेलेल्या हॉवर्ड-बरी यांच्या तुकडीस ल्हाक्पा ला या खिंडीजवळ माणसाच्या अनवाणी पावलांसारखे ठसे आढळले. ते लांडग्याचे असावेत, असें खुद्द हॉवर्ड-बरी यांचें मत होतें. तथापि वृत्तपत्रांनीं त्यांचा ‘हिममानव’ बनविला, आणि तो अद्याप लोकांच्या मनांतून जात नाहीं!

ही विद्या केवळ करमणुकीची नव्हे. हिमबिबट्या रात्रीं मेंढवाड्यांत शिरला, तर कधीं कधीं एकाच वेळीं अनेक मेंढ्या मारतो. लांडगे व मोकाट कुत्रींही मेंढरांवर पडतात. अशा वेळीं संतापलेला मेंढपाळ भलत्याच श्वापदावर सूड उगवूं शकतो. अपराधी बिबट्या असेल, तर वाड्यावर जाळीचें भक्कम छप्पर घालणें हा खरा उपाय; कुत्रीं असतील, तर बंदोबस्त गांवांतच करावयास हवा. लांडगा व मोठा कुत्रा यांचे ठसे तर इतके सारखे असतात कीं, एका ठशावरून निवाडा होत नाहीं. माग दूरवर पाहावा लागतो. लांडगा बहुधा सरळ वाट धरतो, कुत्रा इकडे तिकडे भटकतो.

एका खुणेवरून कोणास दोषी ठरवूं नये, हा धडा बर्फाबाहेरही उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें.