एका सतरा अंकी संख्येचा पाठ

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या डावीकडून वाचा वा उजवीकडून, अंकांचा क्रम तोच राहतो. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग होय. अशा संख्यांना 'डेमलो संख्या' हे नाव द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिले. कापरेकर हे १९३० ते १९६२ पर्यंत देवळाली येथे शाळाशिक्षक होते. अध्यापन सांभाळून त्यांनी संख्यांचा जो अभ्यास केला, त्याची साधने म्हणजे कागद, लेखणी व चिकाटी एवढीच होती.

ही संख्या विद्यार्थ्यांस एकदम सांगू नये. प्रथम ११ × ११ = १२१, नंतर १११ × १११ = १२३२१ हे गुणाकार चौकटींच्या वहीत मांडून घ्यावेत. पुढे नऊ एकांचा गुणाकार मांडला असता नऊ ओळी येतात व प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. त्यामुळे एककाच्या घरात एक १, दशकाच्या घरात दोन १, याप्रमाणे नवव्या घरात नऊ १ येतात. तेथून पुढे ते एकेकाने कमी होतात. कोणत्याही घराची बेरीज ९ हून अधिक होत नसल्याने हातचा येत नाही. नऊ ओळींत मिळून ८१ एक असतात, म्हणून उत्तरातील अंकांची बेरीजही ८१ च भरते. याच कारणाने १२१ मधील अंकांची बेरीज ४ व १२३२१ मधील ९ येते.

यानंतर दहा एकांचा वर्ग काय येईल, हे विद्यार्थ्यांस आधी अंदाजाने लिहावयास सांगावे व मग गुणाकार करवून घ्यावा. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. दहाव्या घरात बेरीज १० होते. तेथील हातचा अकराव्या घरातील ९ मध्ये मिळून पुन्हा १० होतात, व तेथील हातच्याने बाराव्या घरातील ८ चे ९ होतात. क्रम येथेच मोडतो. नऊ वेळा खरी ठरलेली गोष्ट दहाव्या वेळी खरी ठरेलच असे नाही, तिचे कारण शोधावे लागते, हा गणितातील मोठा धडा विद्यार्थ्यांस येथे स्वतःच्या हाताने मिळतो.

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील शाळांत परजिल्ह्यांतून व परप्रांतांतून आलेल्या कामगारांची मुलेही शिकतात. ज्या मुलास मराठी वाचन अद्याप जड जाते, तेही हा गुणाकार इतरांच्या बरोबरीने मांडू शकते. बारा अंकी गणकयंत्रावर हे सतरा अंक मावत नाहीत. म्हणून यंत्र जवळ असले तरी रीत समजावीच लागते. अशा मुलास फळ्यापाशी बोलावून हातचा कोठे आला ते दाखवावयास सांगावे. मोडक्या भाषेत का होईना, त्याने कारण सांगितले म्हणजे पाठ साधला असे समजावे.