रविवारी सकाळी उघडणारे चर्च

सांत ईवो अल्ला सापिएन्त्सा हे रोममधले सतराव्या शतकातले चर्च पियात्सा नाव्होना आणि पँथिऑन यांच्या मधोमध आहे. दोन्हीकडे बारा महिने गर्दी असते, पण या चर्चचा पत्ता सहज लागत नाही. कोर्सो देल रिनाशिमेंतो या रस्त्यावरून दिसते ती जुन्या विद्यापीठाची लांबलचक, साधी भिंत. तिच्यातल्या दरवाजाने आत गेले की दोन मजली कमानींचा चौक लागतो आणि चौकाच्या पलीकडच्या टोकाला चर्च. बरोक वास्तुकलेवरच्या पुस्तकांत ते हटकून असते. तरी ते आतून न पाहताच रोमहून परतणारे पुष्कळ, कारण बहुतेक वेळा दार बंद असते.

याचे कारण चर्चच्या जन्मातच आहे. हे कुठल्याही वस्तीचे चर्च नव्हे. त्याला ना स्वतःचा पॅरिश, ना लागून मठ. ते विद्यापीठाचे प्रार्थनामंदिर. पोप आठवा बोनिफेस याने 1303 मध्ये स्थापन केलेले रोमचे विद्यापीठ या वाड्यात भरत असे. विद्यार्थी आणि प्राध्यापक होते तोवर दार उघडायला निमित्त होते. 1935 मध्ये विद्यापीठ शहराच्या दुसऱ्या भागात नव्या आवारात गेले आणि वाड्यात रोमचे सरकारी दप्तरखाने आले. कचेरीच्या वेळात चौकापर्यंत जाता येते. चर्चचे दार मात्र गेली कित्येक वर्षे रविवारी सकाळी नऊ ते बारा एवढेच उघडत आले आहे. त्यातही मिस्सा चालू असेल तर आत हिंडणे बरे दिसत नाही. जुलै-ऑगस्टच्या उन्हाळ्यात तर तेवढेही नाही. दुरुस्ती निघाली की हे वेळापत्रकही बाजूला राहते.

रोमच्या इतर चर्चना हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. दुपारी बारा-साडेबारापासून चार वाजेपर्यंत तिथली बहुतेक चर्चे दार लावून घेतात. एकोणिसाव्या शतकात इटली एक झाल्यावर सरकारने मठांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या. त्यांतल्या अनेक चर्चचा मालक आजही गृहखात्याचा एक निधी आहे. मालकी एकाची आणि पूजा दुसऱ्याची असली की किल्ली नेमकी कोणाकडे, हे प्रवाशाला कळणे कठीणच.

सांत ईवोचा वास्तुकार फ्रांचेस्को बोरोमिनी (1599–1667) लुगानो सरोवराकाठच्या बिसोने गावचा, पाथरवटाचे काम शिकून वर आलेला. 1632 मध्ये विद्यापीठाचा वास्तुकार म्हणून त्याची नेमणूक झाली ती जानलोरेन्झो बेर्निनीच्या शिफारशीने. पुढे हेच दोघे एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी ठरले. चर्चचे काम 1640 च्या दशकाच्या सुरुवातीला निघाले आणि 1660 मध्ये ते अभिषिक्त झाले. तेवढ्यात गादीवर तीन पोप येऊन गेले: बार्बेरिनी घराण्यातला आठवा अर्बन, पांफिली घराण्यातला दहावा इनोसंट आणि किजी घराण्यातला सातवा अलेक्झांडर. प्रत्येकाला आपली खूण हवी होती. बार्बेरिनींच्या मधमाशा, पांफिलींचे कबुतर आणि किजींचे डोंगर-तारे अशी तिन्ही घराण्यांची चिन्हे इथे सापडतात. खर्च कोणाच्या कारकिर्दीत झाला, हे दगडातच वाचता येते.

चर्च ज्याच्या नावाने आहे तो संत ईवो ब्रिटनीतला धर्मगुरू आणि कायदेपंडित. गोरगरिबांचे खटले फुकट चालवणारा म्हणून त्याची ख्याती होती. वकिलांचा तो पालक संत. त्याचा मृत्यूही 1303 चाच. कायदा शिकवणाऱ्या विद्यापीठाला दुसरा संत कशाला शोधायचा?

जागा अडचणीची होती. चौक आणि त्याच्या कमानी आधीचा वास्तुकार जाकोमो देल्ला पोर्ता याच्या वेळेपासून तयार. त्यांच्या टोकाला उरलेल्या तुकड्यात चर्च बसवायचे होते. बोरोमिनीने दर्शनी भिंत आत वळवली आणि देल्ला पोर्ताच्याच कमानी तिच्यावरून पुढे नेल्या. त्यामुळे जुने कुठे संपले आणि नवे कुठे सुरू झाले हे चटकन लक्षात येत नाही. आतल्या आखणीत दोन समभुज त्रिकोण एकमेकांवर उलटसुलट ठेवलेले आहेत. त्यातून सहा टोकांची चांदणी होते. तीन टोकांना अर्धगोल कोनाडे, उरलेली तीन आतल्या बाजूला फुगवून बोथट केलेली. परिणामी खोलगट भागासमोर नेहमी फुगीर भाग येतो, आणि उभे राहिलेल्याला भिंती सरकत असल्याचा भास होतो.

खरी करामत वर आहे. साधारणपणे चौकोनी किंवा बहुकोनी दालनावर घुमट चढवायचा तर मध्ये गोल कडे घालून घेतात. इथे तसे काही नाही. छज्ज्याची चांदणीसारखी रेघ तशीच घुमटात चढते, वर जाता जाता तिचे कोपरे विरघळतात आणि माथ्याशी निखळ वर्तुळ उरते. ही संक्रमणाची जागा नेमकी कुठे, हे मान वर करून कितीही पाहिले तरी सांगता येत नाही. पांढऱ्या गिलाव्यावर लहान होत जाणारे तारे आणि सहा मोठ्या खिडक्या. रंगीत संगमरवर, भरगच्च सोनेरी काम, छतावरची चित्रे या बरोकच्या नेहमीच्या थाटाची इथे गरजच वाटत नाही. वेदीवरचे चित्र पिएत्रो दा कोर्तोनाने सुरू केले. तो 1669 मध्ये वारला आणि ते दुसऱ्याने पुरे केले. वेदी पूर्वेकडे असल्याने सकाळचे ऊन तिच्या बाजूच्या खिडक्यांतून येते. तेव्हा उघडण्याची वेळ कोणी कशीही ठरवली असो, प्रकाशाच्या हिशेबाने ती चुकलेली नाही.

घुमटाच्या शिखरावर कंदिलासारखी छोटी मनोरी आहे आणि तिच्यावर शंखासारखा वळत गेलेला पिळदार कळस, त्याच्याही वर लोखंडी जाळी, गोल आणि क्रूस. या कळसाचे अर्थ अभ्यासकांनी नाना प्रकारांनी लावले आहेत: बाबेलचा मनोरा, पोपचा मुकुट, अलेक्झांड्रियाचे दीपगृह. बोरोमिनी मूळचा आजच्या स्वित्झर्लंडमधला, म्हणून 1970 च्या दशकातल्या स्विस शंभर फ्रँकच्या नोटेवर त्याचे चित्र होते, आणि पाठीमागे हाच कळस.

दार बंद मिळाले तरी कळस चुकत नाही. मागच्या बाजूच्या पियात्सा सांत एउस्ताकिओतून तो रस्त्यावरूनच दिसतो. चौक उघडा असल्यास दर्शनी भिंत आणि घुमटाचे बाहेरचे फुगवटेही पाहता येतात. आतली कला पाहायची असेल तर रविवारचा पहिला तास घ्यावा आणि परतीच्या प्रवासाचा दिवस तो ठेवू नये. कोर्सो देल रिनाशिमेंतोच्या दक्षिण टोकाला सांत आंद्रेआ देल्ला वाल्ले आहे. तिथल्या घुमटाच्या मनोरीवर तरुण बोरोमिनीचा हात फिरला होता. ते थिएटाइन पंथाचे चर्च. याच पंथाचे इटालियन धर्मगुरू 1640 मध्ये गोव्यात पोचले आणि जुन्या गोव्यातले सेंट कॅजेतानचे चर्च त्यांनी बांधले.