साउथडेलचा चौक

मिनिआपोलिसहून

मॉलचा विषय निघाला की घरच्या प्रत्येक फोनवर एकच सूर लागतो: अमेरिकेनं आपल्या पेठा बुडवल्या. हे ज्या मॉलपासून सुरू झालं तो माझ्या घराजवळच आहे, म्हणून त्याची हकीकत कळवते. राग करायचाच असेल तर तो योग्य गोष्टीवर व्हावा.

ईडायना नावाच्या उपनगरातला हा साउथडेल मॉल ऑक्टोबर 1956 मध्ये उघडला. सगळी दुकानं एका छताखाली आणि आत बारा महिने सारखंच तापमान, असा मॉल अमेरिकेत हा पहिलाच. त्याचा आराखडा करणारा व्हिक्टर ग्रूएन मात्र अमेरिकेत जन्मलेला नव्हता, हे कळल्यावर मी चकित झाले. तो व्हिएन्नाचा ज्यू वास्तुरचनाकार. हिटलरनं 1938 मध्ये ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा तो देश सोडून इथे आला. गाड्यांच्या भरवशावर वसलेली, माणसं एकमेकांना भेटतच नाहीत अशी उपनगरं त्याला सहन होईनात. त्याला इथे व्हिएन्नासारखा चौक हवा होता. म्हणून त्यानं दुकानांच्या मधोमध उंच छताखाली झाडं, पाणी, पक्ष्यांचा भलामोठा पिंजरा आणि बसायला जागा असा चौक केला. एकमेकांच्या स्पर्धेतली शहरातली दोन मोठी दुकानं, डेटन्स आणि डोनाल्डसन्स, त्या चौकाच्या दोन टोकांना आली. मूळ आराखड्यात मॉलभोवती घरं, शाळा, दवाखाना, बाग आणि तळंही होतं. बांधला गेला तो मॉल, आणि सभोवार सुमारे 5,200 गाड्यांचं पार्किंग. अर्धाच आराखडा उतरला, आणि देशभर नक्कल झाली ती त्या अर्ध्याचीच.

गेल्या हिवाळ्यात आई सांगलीहून आली. जानेवारीत इथे पारा उणे वीसच्या खाली जातो, दाराबाहेर पाऊल टाकवत नाही. मी तिला सकाळी साउथडेलला नेलं. दुकानं उघडलेली नसतात, पण म्हातारी माणसं बूट घालून आत फेऱ्या मारत असतात. आईनं दोन फेऱ्या मारल्या, बाकावर बसली, शेजारच्या आजींशी मोडक्या इंग्रजीत गुडघ्यांबद्दल बोलली. काय घेणार, कुठे चाललात, असं कोणी विचारलं नाही. मला हेवा वाटतो तो याचा. मुंबईत हाजी अलीजवळ 1999 साली मॉल उघडला, तेव्हा मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्यांकडून आत जाण्याचे 60 रुपये घेत. आज मॉलमध्ये शिरायला पैसे लागत नाहीत, पण दारावरची नजर अजून माणूस तोलते. आणि मॉल सोडा, सत्तरीतल्या बाईनं बाजारात दमल्यावर टेकावं कुठे? फुटपाथवर दुचाक्या, पायरीवर बसलं तर दुकानदार उठवतो. एवढ्या मोठ्या पेठेत चार बाक टाकायला कोणाची परवानगी लागते?

पण बर्फ वितळला आणि आईचा पारा चढला. तिला दोऱ्याचं रीळ हवं होतं. चालत निघू म्हणाली. मधला रुंद रस्ता ओलांडून, मग पार्किंगचं मैदान तुडवत दारापर्यंत जायचं, हे बघून ती थांबली. "अगं, रिळासाठी गाडी काढायची? गणपती पेठेत मी चप्पल घालून जाते, वाटेत चार घरची ख्यालीखुशाली कळते, भाजी घेऊन परत!" तिच्या त्या वाक्यात ग्रूएनचा सगळा आराखडा होता. घर, दुकान, दवाखाना, देऊळ पायाच्या टप्प्यात, हे तिला आयतं मिळालेलं आहे. साउथडेलला ते आत्ता कुठे सुचतंय: 2014 च्या सुमारास पार्किंगच्या जागेवर राहत्या घरांच्या इमारती उभ्या राहिल्या, पुढे एका बंद पडलेल्या मोठ्या दुकानाच्या जागी व्यायामशाळा आली. आपण मात्र नव्या वस्तीचे नकाशे काढताना पेठ वगळतो आणि गाडीनं जायचा मॉल मोठ्या अक्षरात लिहितो. हे वाचून मला इथे बसून चीड येते.

ग्रूएननं पुढे या मॉलांशी आपला संबंध जाहीरपणे नाकारला. 1968 मध्ये तो व्हिएन्नाला परतला, तर काही वर्षांत तिथेही शहराबाहेर भलामोठा मॉल आला. तरी शहराचा गाभा पायी चालणाऱ्यांना मिळावा म्हणून त्यानं योजना मांडली, आणि 1974 मध्ये तिथला केर्न्टनर श्ट्रासे हा मुख्य बाजाररस्ता गाड्यांना बंद झाला. तो आजही बंदच आहे. पुण्यात लक्ष्मी रोडवर 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन होतो. त्या दिवशी लोक रस्त्याच्या मधून चालतात, पोरं खेळतात, दुकानंही चालू असतात. मग 12 डिसेंबरला गाड्या परत का सोडता, एवढं पुण्याच्या वाचकांनी आपल्या नगरसेवकाला विचारून मला कळवावं.