हिराकस तांबूस का पडतो?



कृष्णाकाठच्या चुनखडीच्या रानात ऊस, त्यातही खोडवा, पिवळा पडतो. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळट-पांढरा होतो. यालाच आपण केवडा म्हणतो. त्यावर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, टाकायचा हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण पोते उघडे राहिले की हिरवट खडे तांबूस होतात आणि मग तो माल पिकाला फारसा लागत नाही. असे का, हे कळायला लोखंडाच्या अणूत डोकवावे लागते.

लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन. त्यातले १८ आत पक्के बसलेले, त्यांना सोडून देऊ. उरलेल्या आठांसाठी अंगणात एक खुंटा आणि गोठ्यात पाच, असे समजा. शास्त्रज्ञ अंगणाला ४ एस व गोठ्याला ३ डी म्हणतात. एका खुंट्याला फार तर दोन बैल. आधी अंगण भरते, मग गोठा. गोठ्यात मोकळा खुंटा असेतोवर दोन तापट बैल कोणी एकत्र बांधीत नाही. इलेक्ट्रॉनही एकमेकांना दूर लोटतात, म्हणून आधी एकेक, मग जोडी. गंमत अशी की अंगण भरते आधी, आणि रिकामे होते तेही आधीच! कारण केंद्राची ओढ वाढत गेली की गोठ्यातले खुंटे खोल रुततात.

अंगणातले दोन गेले की फेरस लोह. गोठ्यात उरले सहा, म्हणजे एका खुंट्याला जोडी. ओल लागली की हवेतला ऑक्सिजन जोडीतला एक ओढून नेतो. मग पाच खुंट्यांना पाच. हे फेरिक लोह. ही मांडणी भक्कम, सहजी मागे फिरत नाही. चुनखडीच्या जमिनीत त्याचा न विरघळणारा गंज होतो. जमिनीत लोखंड भरपूर, आणि ऊस उपाशी.

तासगावकडच्या द्राक्षबागाइतदारांचा मोरचूद निळा, कारण तांब्याच्या त्या क्षारात गोठ्यात नऊच असतात. एक जागा मोकळी, म्हणून इलेक्ट्रॉन उजेडातला तांबडा भाग घेऊन खुंटा बदलतो; उरतो निळा. झिंक सल्फेटात दहाही जागा भरलेल्या, म्हणून ते पांढरे.

महात्मा फुले कृषि विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५ किलो हिराकसाची आहे. (१९३२ सालचे आपले पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र याच विद्यापीठाचे.) दहापट शेणखतात ५-६ दिवस मुरवून तो सरीत द्यावा, कुजलेल्या शेणखतातली आम्ले लोहाला धरून ठेवतात. फवारणीचे पाणी आदल्या रात्री कालवून ठेवू नये. आणि तांबूस पडलेला माल दुकानदाराने स्वस्तात देऊ केला, तरी घेऊ नये.