दि. बा. पाटील : जमिनीत भाग मागणारा लोकप्रतिनिधी



ऊसविकास खात्याचा माणूस दर अंकात लागणीचं, बेण्याचं, नाहीतर खोडव्याचं सांगतो. या खेपेला एका आमदाराविषयी लिहितो आहे. पण विषय आपल्या बांधाबाहेरचा नाही.

मी मूळचा खालापूर तालुक्यातला. आमच्याकडे पावसाळी भात. शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी राजनाल्यानं फिरतं, तिथं उन्हाळी भातही. ऊस म्हणजे परड्यातली चार कांडी. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग झाला आणि जमिनीला भाव आला. आमच्या घरच्या दोन एकर खाचरांचा रोखीनं व्यवहार झाला. खरेदीखतावर माझीही सही आहे. शेतकीची पदविका घेतलेला मी, पण सही करताना एक प्रश्न विचारला नाही. पैसा लग्नात, स्लॅबमध्ये आणि एका जीपगाडीत गेला. आज त्याच जागेवरच्या बंगल्याचा राखणदार माझा चुलत भाऊ आहे. गेल्या गणपतीत गावी गेलो तेव्हा चुलते म्हणाले, "दि. बां.च्या जिल्ह्यातले आपण, नि शिकलो काय रे?" ते बोलणं मनाला लागलं.

दिनकर बाळू पाटील यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातील जासई या गावी झाला. कायद्याची पदवी घेऊन ते शेतकरी कामगार पक्षाच्या कामात पडले. १९५७ साली पनवेलमधून प्रथम विधानसभेवर गेले आणि एकंदर पाच वेळा आमदार झाले. १९७२ ते १९७७ या काळात ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७७ आणि १९८४ साली कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. (कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१ साली रायगड झालं, मतदारसंघाचं नाव तेव्हा जुनंच राहिलं होतं.)

त्यांच्याच पक्षाचे सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले. दि. बां.चा आकडा तेवढा मोठा नाही. पण लोकप्रतिनिधी किती वेळा निवडून आला याबरोबरच, त्याच्यामुळे आपल्या सातबाऱ्याचं काय झालं, हेही शेतकऱ्यानं पाहावं. त्या मापानं दि. बां.चं काम मोठं ठरतं.

१९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी करायचं ठरलं. भातखाचरं गेली, मिठागरं गेली. मोबदला मिळाला की शेतकऱ्याचा संबंध संपला, अशी जुनी रीत होती. दि. बा. आणि त्यांच्या बरोबरचे शेतकरी या रीतीशीच भांडले. जमिनीची किंमत शहर झाल्यावर वाढणार. मग ज्याची जमीन, त्याला त्या वाढीत वाटा नको का? नुसता चांगला दर नको, विकसित जमिनीत भाग द्या, ही ती मागणी.

ही मागणी सुखासुखी पदरात पडली नाही. न्हावा-शेवा बंदराच्या भूसंपादनावेळी १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण भागात पोलीस गोळीबार झाला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्याच वर्षाअखेर लोकसभेची निवडणूक आली. इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती, तरी कुलाब्यानं दि. बां.ना दिल्लीला पाठवलं.

पुढे १९९० साली नवी मुंबईसाठी साडेबारा टक्के योजना आली. तिचा हिशेब आपल्या भाषेत मांडतो. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे विकसित जमीन. त्यातून रस्ते, शाळा अशा सोयींसाठी पावणेचार टक्के वजा जातात, म्हणजे हातात साडेतीन गुंठे. ऐकायला थोडे वाटतात. पण शहरातल्या साडेतीन गुंठ्यांवर घर होतं आणि खाली दुकानाचे गाळेही निघतात. पुढे नवी मुंबई विमानतळाच्या वेळी हा वाटा साडेबावीस टक्क्यांवर गेला.

सगळं गोड झालं असं नाही. भूखंड मिळायला अनेकांची वर्षं गेली. कित्येकांनी मिळालेला भूखंडही बांधकामवाल्यांना विकून टाकला. दि. बां.नी उतारवयात पक्ष बदलला, तेही सर्वांना रुचलं नाही. २४ जून २०१३ रोजी ते गेले. विमानतळाला त्यांचं नाव द्यावं म्हणून २०२१ साली हजारो भूमिपुत्र रस्त्यावर उतरले, आणि २०२२ साली राज्य सरकारनं तसा ठराव केला.

आता आपल्याकडे वळतो. ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत असतो, म्हणून खोडवा येतो. बुडखाच उपटून विकला तर पुढच्या साली काय तोडणार? रोखीचा व्यवहार म्हणजे बुडखा उपटणं. भाग राखणं म्हणजे खोडवा राखणं. दि. बां.नी जे झगडून मागितलं, ते आपल्या वडीलधाऱ्यांनी शेअरच्या रूपानं आधीच आपल्या नावावर करून ठेवलं आहे. आपण कारखान्याला नुसता ऊस घालत नाही, कारखान्यात आपला भाग आहे, मत आहे. तो कागद ट्रंकेच्या तळाशी टाकून विसरू नका.

२०१३ साली जाहीर झालेल्या विमानतळ प्रभाव क्षेत्रात आमच्या खालापूरकडचीही गावं आली. रस्ता, वसाहत, प्रकल्प आज ना उद्या तुमच्याही शिवाराशी येईल. तेव्हा भाव विचाराच, पण त्याआधी "यात माझा भाग किती?" हे विचारा. मी विचारलं नाही.

जाता जाता एक काम सांगतो. ज्यांच्या शेअरवर अजून वारसाची नोंद नाही, त्यांनी गट ऑफिसात येऊन चौकशी करावी. येताना घरातल्या लेकी-सुनांनाही घेऊन या. भाग कुणाचा आणि किती, हे घरात सगळ्यांना ठाऊक असलेलं बरं.

— ऊसविकास अधिकारी